पटाभोवती बांधलेला दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. रस्सीखेचीचा. कपडे वाळत घालायचा नाय, म्हैस बांधायचा तर अजिबातच नाय. हे आधी सांगून टाकतो, कारण आजकाल मला बघून पोरं काय पण विचारतात आणि माझं डोकं सटकतं.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे एक गल्ली आहे. तिथे लतीफचाचाच्या लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागाच्या, शेडमध्ये मी खिळ्याला लटकतो. समोरच्या खिळ्याला एक पिशवी लटकते. कोऱ्या कापडाची, लाल नाडीची. तिच्यात बुद्धिबळाचा पट आहे. पिशवी रोज झटकतात. मला कोण झटकत नाय. सुताची बारीक धूळ दिवसभर उडते आणि सगळी माझ्यावर येऊन बसते. मी समोर बघत राहतो आणि जळतो. खोटं कशाला बोलू?

माझा जन्म ऐका. लूमवर बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, संपत आला की थोडं सूत मागे उरतं. त्याचं कापड होत नाय. लतीफचाचा तरणा होता तेव्हा त्याने ते सूत पोत्यात भरलं आणि जवळच्या अंजूर गावात काळूरामकडे नेलं. काळूराम खाडीकाठचा माणूस. त्याच्या घरात होडीचे दोर वळायची रीत. दोघांनी शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत सूत ताणलं, टोकांना दांडकी अडकवली, आणि एक इकडून, एक तिकडून, उलट्या दिशेने पिळत राहिले. हाताची सालं निघाली तरी थांबले नाय. सूत गल्लीचं, पीळ अंजूरचा. असा मी झालो.

मग काय थाट होता माझा. दर थंडीत, भात कापून झालं की, एका शुक्रवारी गल्ली आणि अंजूरचे खेळ व्हायचे. शुक्रवारी आमच्या लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार. जागा काळूरामच्या शेतात. धावणं, कबड्डी, गोणी उचलणं, सगळं व्हायचं, पण शेवट माझा. माझ्या मधोमध लाल फडकं बांधायचे. एका टोकाला कमरेला वेढा घेऊन लतीफचाचा, दुसऱ्या टोकाला काळूराम. कबड्डीत हरलेले, गोणीखाली दबलेले, सगळे मला धरायला यायचे. आणि रीत अशी की जो जिंकेल त्याने वर्षभर मला घरी न्यायचं आणि हरलेल्यांना जेवू घालायचं. त्यामुळे हरणाऱ्याचं पोट भरायचं आणि जिंकणाऱ्याची मान ताठ व्हायची. मी कुठेही गेलो तरी मला ओट्यावर ठेवायचे. अंजूरला काळूरामची बहीण पुतळाबाई मला ऊन दाखवायची, वास घेऊन बघायची की ओल लागली का. गल्लीत हमिदाचाची माझ्या टोकांना नवं कापड शिवायची.

मग ते भांडण झालं. गल्लीतले बोलले की अंजूरवाल्यांनी टाच रोवायला सकाळीच खड्डे खणून ठेवले. अंजूरवाले बोलले की तुम्ही खिळ्यांचे बूट घालून आलात. दोघं खरं बोलत होते. मी मधोमध होतो, मला दोन्ही दिसत होतं. पण मला कोण विचारणार? खुर्च्या उडाल्या, कोणाचं डोकं फुटलं. लतीफचाचा आणि काळूराम एकमेकांची गचांडी धरून उभे राहिले आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद. खेळ बंद, जेवण बंद. आणि नाव कोणाचं खराब? माझं. नाक्यावर जो तो बोलायचा, त्या रस्सीने सगळा घोळ केला. म्हणजे बूट यांचे, खड्डे त्यांचे आणि दोष माझा.

मला खिळ्याला टांगलं. उंदराने माझ्या पोटात दात घालून बघितले. रंग उडालेल्या फडक्याच्या जवळच, आत, कोणाला दिसणार नाय अशा जागी.

अशात जोया पेटली. जोया म्हणजे लतीफचाचाची नात, कॉलेजात जाते, मोबाईलमधून मान काढते ती फक्त बोलायला. ती एकदा शेडमध्ये येऊन सांगायला लागली की जगभरचे देश एकत्र खेळतात ना, त्या खेळांत बुद्धीचे खेळ पण घ्यावेत असं काही लोकांचं म्हणणं आहे. बुद्धिबळ, गणितं, वादविवाद. पळण्याउचलण्याच्या बाजूला ते ठेवले तर देशांची दुश्मनी कमी होईल.

"पटावर समोरच्याच्या डोक्यात शिरल्याशिवाय चाल सुचत नाही," ती बोलली. "आणि ज्याच्या डोक्यात एवढा वेळ बसलो, त्याच्याशी भांडणार कसं?"

नोमान तिचा चुलतभाऊ, लूमवर ड्युटी करतो, जिभेला हाड नाय. तो लूमचं शटल, म्हणजे धोटा, पुसत बोलला, "डोक्यात शिरून त्याची वाट लावायची, यालाच बुद्धिबळ बोलतात ना?"

मला नोमान तेव्हा फार आवडला.

पण जोया ऐकणारी नाय. तिने लूमच्या जुन्या कांड्या गोळा केल्या. कांडी म्हणजे शटलच्या पोटात बसते ती सुताची लाकडी नळी. त्या कापून, रंगवून तिने राजा, वजीर, उंट, घोडे केले. कोऱ्या कापडावर काळी घरं रंगवली. बघा मित्रांनो, तो पट पण माझ्याच शेडमधला, माझ्याच सुताचा नातेवाईक. पण त्याला मिळाली नाडीवाली पिशवी आणि मला मिळाला उंदीर.

मग ती रिक्षाने अंजूरला गेली. काळूरामने तोंड फिरवलं, पण पुतळाबाईने पट उलगडायला लावला. तिच्या बापाने तिला लहानपणी बुद्धिबळ शिकवलं होतं. घरातले पुरुष हरायला कंटाळले तेव्हापासून तिच्यासमोर कोण बसलं नव्हतं. ती बोलली, मी खेळते. बहिणीने शब्द दिला म्हटल्यावर काळूरामला गप्प बसावं लागलं.

ठरलं असं की खेळ पुन्हा भरवायचे. धावणं, कबड्डी, गोणी, आणि शेवटी बुद्धिबळ. शेवटी. माझ्या जागी. रस्सीखेच यादीतूनच उडवली, कारण तिने भांडण होतं. पट नीट पार पडला तर मला अंजूरच्या हितेशच्या टेम्पोवर द्यायचं, कापडाचे गठ्ठे बांधायला. हे लतीफचाचा स्वतः बोलला. माझ्याकडे न बघता बोलला, एवढं मात्र खरं.

आणि त्या शुक्रवारी मला नेलं कशाला, माहितीये? पटाभोवती चार बांबू रोवले आणि गर्दी आत येऊ नये म्हणून मला त्यांना गुंडाळलं. कुंपण. ज्याला ओढायला शंभर हात लागायचे, त्याच्यावर पोरं कोपर टेकून शेंगा खात होती. आत टेबलावर तो पट, नवरदेवासारखा. मी मनात एकच गोष्ट मागत होतो. मोडू दे. कसा पण मोडू दे.

पुतळाबाई नऊवारीचा पदर खोचून बसली. समोर जोया. दोघी हसून बसल्या. आता एक सांगतो. मला ओढायच्या आधी किती गोष्टी ठरायच्या. रेघ कुठे, पाय उघडे की चपला, हाताला माती लावायची का. सगळं ठरवूनसुद्धा शेवटी भांडण झालं ते झालंच. पण पटाच्या वेळी कोणी कोणाला काहीच विचारलं नाय. बुद्धिबळ म्हणजे बुद्धिबळ, त्यात काय ठरवायचं, असं दोन्हीकडच्यांना वाटलं.

जोयाने पहिलंच प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. पुतळाबाईच्या भुवया वर गेल्या, तिच्या घरी प्यादं एकेकच घर चालायचं, पण ती काय बोलली नाय. मग जोयाने राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्यावरून उचलून पलीकडे ठेवला. पुतळाबाईने पानाची पिंक गिळली. खेळ पुढे गेला. जोयाने पुतळाबाईचा राजा कोंडत आणला. तेव्हा म्हातारीने शांतपणे आपला राजा उचलला, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारली आणि मोकळ्या जागी जाऊन बसवला.

"आजी, राजा असा नाही चालत," जोया बोलली.

"माजा चालतो. डावात एकदा राजाची उडी असते. माज्या बापाने शिकवलंय."

"अहो, जगात कुठेच नसते अशी उडी."

"मंग तुजा हत्ती राजाला वलांडून बसला, तवा मी काय बोलली का? म्हटलं पोर हाय, चुकतंय, खेळू दे."

जोयाचा चेहरा लाल झाला. चुकतंय हा शब्द तिला लागला. गर्दीला तेवढंच पाहिजे होतं. अंजूरवाले ओरडले की मोबाईलवर शिकलेल्यांनी आम्हाला शिकवू नये. नोमान बांबू ओलांडून आत आला. हितेशने त्याची कॉलर धरली. आणि दोन वर्षं न बोललेला काळूराम लतीफचाचाला पहिल्यांदा बोलला, ते पण काय, तर "आता राजा कसा चालतो ते तुजी नात ठरवणार का?"

"तुझ्या बहिणीने तरी कोणाला विचारलं?" लतीफचाचा बोलला.

मित्रांनो, मी एवढा खूष कधी झालो नव्हतो. घ्या तुमची शांतता, मी म्हटलं. घ्या बुद्धीचा खेळ. माझ्यात निदान भांडायला घाम तरी गाळावा लागायचा.

एक खुर्ची उचललेली दिसली तेव्हा पुतळाबाई उभी राहिली. आवाज चढवला नाय.

"खुर्ची खाली ठेव. भांडायचंच हाय तर दोर सोडा. जो वढून नेईल त्याचा राजा."

मी ऐकलं आणि माझ्या प्रत्येक धाग्यात वारं शिरलं. बांबूवरून मला सोडलं, शेतात आडवा ताणला, मधे फडकं बांधलं. यावेळी खड्डे बुजवले, बूट काढले, कोणी न सांगता. म्हातारे असून लतीफचाचाने एका टोकाला कमरेला वेढा घेतला, काळूरामने दुसऱ्या. मागे सगळी गल्ली, सगळं अंजूर. पट टेबलावर एकटा पडला. मी त्याच्याकडे बघितलं. आता कळलं का, म्हटलं, खेळ कशाला बोलतात ते?

ओढलं. फडकं इकडे आलं, तिकडे गेलं, मधे येऊन थरथरत उभं राहिलं. हाताचा तो जुना घाम, ती पकड, दोन वर्षं मी जिच्यासाठी उपाशी होतो. मला वाटत होतं हे संपू नये. आणि तेवढ्यात उंदराने चावलेल्या जागी माझा एक पीळ सुटला. मग दुसरा. मी जीव एकवटून धरून ठेवलं. खरंच धरलं. पण नाय जमलं. मी मधोमध तुटलो.

सगळी गल्ली इकडे उताणी, सगळं अंजूर तिकडे उताणं. धुरळा. मग धुरळ्यातून काळूरामचा आवाज आला.

"लतीफ. कंबर हाय का गेली?"

"आहे," लतीफचाचा पडल्यापडल्या बोलला. "तुझी?"

"शोधतोय."

कोणीतरी हसलं. मग थांबेना. राजा कोणाचा, हे विचारायला सगळे लंगडत टेबलाकडे वळले, तर तिथे पुतळाबाई आणि जोया खेळत होत्या. मला ओढत असताना यांनी मुकाट डाव पुढे चालू केला होता. जोया मान वर न करता बोलली, "आजीची उडी एकदा, माझा हत्ती एकदा. आमचं ठरलं. आता गप्प बसा, आजी मला अडकवतेय."

बघितलंत? इकडे मी जीव दिला आणि तिकडे यांचं दोन शब्दांत ठरलं. गर्दी पटाभोवती गोळा झाली, यावेळी कुंपणाशिवाय. कोण जिंकलं मला माहीत नाय. मी शेतात दोन तुकडे होऊन पडलो होतो, आणि टाळ्या त्या कांड्यांना वाजत होत्या. अजून आठवलं की आग होते.

संध्याकाळी लतीफचाचा आणि काळूराम मला उचलायला आले. जिंकलं कोणीच नव्हतं, मग न्यायचं कोणी आणि जेवू घालायचं कोणी? शेवटी एक तुकडा याने उचलला, एक त्याने. एवढ्याशा तुकड्याने गठ्ठा बांधता येत नाय, म्हणून टेम्पोपासून वाचलो. जेवण दोन्हीकडे झालं. पुढच्या थंडीत रस्सीखेच पुन्हा ठेवलीये, पटाच्या आधी. आधी तर आधी. काळूरामने आपला तुकडा घेऊन यायचं, लतीफचाचाने दोन्ही टोकं धरायची आणि काळूरामने होडीची गाठ मारायची. ती गाठ एकट्याला येत नाय, दुसऱ्याला धरावंच लागतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, तालमीत जुना दोर असेल तर त्याला ऊन दाखवा. उंदरापासून जपा. कोणाचं भांडण झालं तर ते त्याच्या गळ्यात मारू नका. आणि नवीन काय आणलंत तर खुशाल आणा, पण त्याला जुन्याच्या समोरच्या खिळ्याला टांगू नका. बघवत नाय.

जोया दर शुक्रवारी ती पिशवी खांद्याला लावून पुतळाबाईकडे जाते. पिशवी भाव खात निघते, संध्याकाळी परत येते. जाऊ दे तिला. ती अंजूरला जाऊन येते. मी अंजूरलाच असतो, आणि इथे पण.