अकरा बांगड्यांचा अर्ज

पंचवटीच्या भाजीबाजारात मेथी कोमेजली, चुका मान टाकू लागला, तरी पाटीवाल्या बायका चौकीपुढून हलल्या नाहीत. चौकशीचे साहेब आले होते. आणि बसले कुठे, तर झिपरू जमादाराच्याच चौकीत, त्याच्याच खुर्चीवर, त्याचाच चहा पीत! ज्याच्याविरुद्ध अर्ज, तोच तो वाचून दाखवत होता.

दारात उभ्या बांगडीवाल्या गुलजारबीच्या अंगाचा जाळ झाला.

"'जमादार रोज पाटीतल्या ताज्या जुड्या उचलतो. जी देत नाही, तिला गटारीच्या कडेला बसवतो...'" झिपरू हसला. "नाव नाही, सही नाही. नुसत्या शाईनं अकरा बांगड्या उठवल्यात, साहेब. सगळ्या एकाच मापाच्या. एकाच बाईची करामत!"

साहेबांनी कागद उजेडात धरला. "खोटा दिसतो अर्ज," म्हणत लेखणी उचलली.

चूक गुलजारबीचीच. अक्षर न येणारी बाई निशाणी म्हणून बांगडी उठवते, ही जुनी रीत. पण शाईत बुडवायला हातातली कोण उतरवणार? "नवरा जित्ता हाय माझा, हात रिकामा नाय करायची," पाटीवाली लंकाबाई म्हणाली होती. म्हणून गुलजारबीनं आपल्या पेटीतली एक कोरी बांगडी दिली, नि अकराजणींनी तीच उठवली. आता अर्ज खोटा ठरला, तर उद्या बाजारात एकीलाही जागा उरणार नव्हती.

"थांबा, साहेब!" ती आत शिरली. "बांगडी माझी, पण हात अकरा होते."

"आली काचवाली! तुझी पाटी तरी आहे का इथं?" झिपरू खेकसला.

"नाही, म्हणून तर बोलते. माझं काय उचलशील, काचा?"

बाहेर बायका फिसकन हसल्या. साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "मग प्रत्येकीनं आपली बांगडी काढून पुन्हा उठवावी. मापं ताडून बघू."

हसू विझलं. पाटीवाल्यांतल्या मैनेनं मनगट पदराखाली घेतलं.

"सवाष्णींना हात ओकेबोके करायला सांगता?" गुलजारबीचा आवाज चिरला. "तुमच्या घरात सांगाल? कागद तपासलात, जमादाराला विचारलंत. या सकाळपासून उन्हात उभ्या आहेत, यांना एक शब्द तरी विचारलात? आणि विचाराल तेही याच्यादेखत? उद्या जागा देणारा हाच ना!"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी चहाचा कप दूर सारला.

"जमादार, बाहेर जा. पार नदीपर्यंत."

"पण साहेब, मी..."

"तुमचंही ऐकेन. नंतर, एकट्याचं." मग गुलजारबीकडे वळून, "तुम्हीही बाहेर. एकेकीला पाठवा."

लंकाबाई आत गेली. दार लागलं. आतून आवाज आला,

"पहिल्यापासून सांगू का, साहेब?"

"पहिल्यापासून."

एवढंच तर विचारायचं होतं! त्याला दुपार उलटावी लागली. गुलजारबी उन्हात उभी राहिली. पुढची बाई तिनं दाराशी आणून उभी केली.