पाहुण्यांच्या गोळ्या

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात भांडं कुठूनही घ्या, त्यावर नाव घालायला मात्र गुरुपादप्पांकडेच जायचं, अशी चाळीस वर्षांची रीत होती. लग्नाचं भांडं असो की तेराव्याचं, त्यांची अक्षरं अशी गोल आणि ठसठशीत, की बायका हंडा घासतानाही त्यावरून जपून हात फिरवायच्या. पुढं छिन्नी जाऊन मशीन आलं, पण हात तोच राहिला. आणि त्याच हातानं यंदाच्या वैशाखात घात केला.

सटवाजी नावाचा जवळच्या खेड्यातला एक शेतकरी भाचीच्या लग्नासाठी पितळेची घागर घेऊन गेला होता. मजकूर त्यानं कागदावर लिहून दिला होता: 'चि. सौ. कां. आरतीस, मामा सटवाजी यांच्याकडून सप्रेम भेट.' लग्न लागलं, आहेर मांडला गेला, आणि मांडवातल्या एका उत्साही मास्तरांनी तो सगळा मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सटवाजी घागर काखेत मारून दुकानात हजर. घागर गुरुपादप्पांपुढं ठेवून त्यानं अक्षरांवर बोट टेकवलं. 'मामा सटवाजी यांच्या स्मरणार्थ.'

“मालक,” तो म्हणाला, “मी हाय की अजून.”

दुकानातली माणसं पोट धरून हसली. सटवाजीही हसला, माणूस भला होता. बहीण जरा रडली म्हणाला, पण जेवणावळ काही थांबली नाही. गुरुपादप्पांना मात्र हसू आलं नाही. दुसरी घागर देताना त्यांचा हात थरथरत होता, आणि हे आपण कधी लिहिलं ते काही केल्या आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलगा सोमेश हळूच म्हणाला, “अप्पा, आता जरा घरी बसा. दुकान मी बघतो. नाव घालायला लातूरचा एक माणूस मिळतोय.”

पोराचं काही चुकत नव्हतं. वर्षभरात अप्पा दोनदा दुकानाच्या पायरीवरून पडले होते. गिऱ्हाइकानं तांब्या मागितला तर परात देत होते. पण दुकान सुटणं हे गुरुपादप्पांचं अर्धंच भय होतं. उरलेलं अर्धं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील, चंद्रप्पा, शेवटच्या वर्षांत घरची माणसं ओळखेनासे झाले होते. पोटच्या मुलाला 'आपण कुठले पाहुणे?' असं विचारत. तेच आपल्या वाट्याला येतंय, अशी गुरुपादप्पांची खात्री पटली होती. म्हणून ते रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की डोळे मिटूनच नातवंडांची नावं एकेक करून म्हणून बघत. एखादं नाव अडलं की दिवसभर घास गोड लागत नसे.

सोमेशनं त्या महिन्यात आणखी एक उपद्व्याप केला. लातूरला तनुजा नावाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नव्या तऱ्हेचा दवाखाना काढला होता. वर्षाची वर्गणी एकदा भरायची, मग वर्षभर कधीही जा, फोन करा, तब्येत नीट असली तरी त्या बोलावून तपासणार. मोजकीच घरं घेतलेली. सोमेशनं आईवडील दोघांची मेंबरशिप घेऊन टाकली.

गुरुपादप्पांचा पारा चढला. “माणूस आजारी नसताना डाक्टरला पैशे? उद्या मरायच्या आधी लाकडाचे बी भरून ठेव!”

शिवगंगाबाई ज्वारी निवडत होत्या. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या बोलण्यात त्यांनी क्वचितच तोंड घातलं असेल, पण त्या दिवशी घातलं. “बलुतंच हाय की ते. आमच्या म्हायेरला सुताराला वर्षाचं धान्य देत हुते. औत मोडलं तर त्यालाच ताप, म्हून मोडायच्या आधीच येऊन बघायचा.”

गुरुपादप्पा जायला तयार झाले. व्यापारी माणूस, सौद्यातली गोम त्यांना लगेच कळली.

ठरल्या दिवशी शिवगंगाबाईंनी त्यांच्या हातात शर्ट दिला, निघायच्या वेळी एक कापडी पिशवीही दिली, आणि स्वतः घरी थांबल्या. त्यांना काही होत नव्हतं, असं त्याच म्हणाल्या. पिशवीत काय आहे ते सोमेशला माहीत होतं. दवाखान्यातून फोन आला होता: घरातल्या असतील नसतील तेवढ्या गोळ्या आणा, एकही मागं ठेवू नका.

दवाखान्यात गर्दी नव्हती, त्यामुळं गुरुपादप्पांना आधी तर संशयच आला. चालणारा डॉक्टर म्हणजे बाहेर चपलांचा ढीग, हा त्यांचा हिशेब. तनुजा डॉक्टर लोह्याकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “अप्पा, सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस सांगा.” अप्पांनी दोन वाक्यांत सांगितला. “आता सावकाश सांगा,” त्या म्हणाल्या. तेव्हा कुठं ते लिंगपूजेपासून सुरू झाले, आणि कुणी मधे तोडत नाही हे पाहून पार घागरीपर्यंत येऊन पोहोचले.

मग पिशवी टेबलावर उलटी झाली. पाच तऱ्हेच्या गोळ्यांची अकरा पाकिटं निघाली.

“ही कशाची?”

“ही जावयाची.”

“म्हणजे?”

“आमचं जावई, संगमेशराव. नांदेडला असतात. त्येंनी त्येंच्या डाक्टरकडं नेलं, बीपीची दिली. आन् ही साडूची, रेवणप्पांची. चक्कर याया लागली तवा लातूरला त्येंनी दाखवलं. ही हात थरथरतो म्हून, ही व्याह्यांची. माणिकप्पांनी उदगीरला नेलं हुतं, स्वतःच्या गाडीनं. झोपंची बी त्येंच्याच डाक्टरची.”

“आणि बीपीची ही दुसरी?”

“ती जुनी. आपल्या मुरुडच्या डाक्टरची.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “अप्पा, प्रत्येक डॉक्टरनं विचारलं असेल ना, दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?”

“इचारलं की.”

“मग?”

गुरुपादप्पा चुळबुळले. “न्हाई म्हणलो. व्याही शेजारी बसल्यालं. त्येंच्या तोंडावर जावयाच्या डाक्टरचं नाव कसं काढावं? त्येंना वाटायचं, आमच्या डाक्टरवर इश्वास न्हाई.”

“आणि एखादी बंद का नाही केली?”

“जावई फोनवर इचारतात, मामा, गोळी चालू हाय का. खोटं कसं बोलू?”

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. गुरुपादप्पांच्या बाबतीत ती अकरा पाकिटांची आई झाली होती. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून हा माणूस वर्षभर सकाळ-संध्याकाळ पाहुणे गिळत होता.

डॉक्टरबाईंनी कोरा कागद घेतला आणि कोणती गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली ते विचारून विचारून मांडलं. सोमेशनं फोनमधली बिलं काढून तारखा दिल्या. तासाभरानं कागद त्यांच्यापुढं सरकवला. जुनी बीपीची गोळी आणि जावयाची गोळी, नाव वेगळं, आत औषध एकच. दुप्पट झाल्यानं चक्कर. चक्करेवर साडूंची गोळी, आणि ती काही महिने घेतली की म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरू शकतात. थरथरीवर व्याह्यांची गोळी, आणि तिनं तोंड कोरडं पडतं, डोक्यात गोंधळ होतो, विसर पडतो. वरून झोपेची.

“डॉक्टर सगळे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकानं समोर दिसलं त्याचं औषध दिलं. सगळं एकत्र कुणालाच दिसलं नाही.”

गुरुपादप्पांचा इतके दिवस गिळलेला प्रश्न बाहेर आला. “मंजी मी... आमच्या वडिलांवानी न्हाई?”

“आजच छातीठोकपणे सांगत नाही. पण आधी या गोळ्या हळूहळू कमी करू, मग बघू. स्वतःच्या मनानं एकही सोडायची नाही. त्या चारही डॉक्टरांशी मी बोलते. आणि पाहुण्यांना माझं नाव सांगा. म्हणावं, डॉक्टरीणबाई फार हट्टी आहे, ऐकतच नाही.”

एवढं ऐकून गुरुपादप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. बंद गोळीचं पाप आपल्या माथी येणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतः गाडी थांबवून भजी मागवली.

पुढचे तीन-चार महिने सोपे गेले नाहीत. झोपेची गोळी कमी करताना चिडचिड झाली, दोनदा त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. पण दर आठवड्याला फोन यायचा, बीपी किती, रात्री काय, पडलात का. एका रविवारी चक्कर आली तेव्हा सोमेशनं फोन केला, तर पलीकडून माणसानंच उचलला आणि अप्पांना नावानं ओळखलं. व्याह्यांची गोळी श्रावणाच्या आधी पुरती सुटली. गणपतीच्या सुमारास हाताची थरथर एवढी उतरली की बशीतला चहा सांडेना. सकाळी डोळे मिटले की नातवंडं धडाधड रांगेत उभी राहू लागली, वर त्यांच्या परीक्षांचे मार्कही आठवू लागले, जे पोरांना फारसं आवडलं नाही.

दिवाळीला ते दुकानात आपल्या जागेवर बसले. पहिली दोन भांडी सोमेशनं चोरून वाचली, तिसरं वाचलं नाही. जावयांना, साडूंना आणि व्याह्यांना डॉक्टरीणबाईंच्या हट्टाची कथा सांगून झाली होती. कुणीही रागावलं नाही. व्याह्यांनी तर बाईंचा पत्ता मागून घेतला.

पुढच्या तपासणीला गुरुपादप्पा नारळ आणि पेढे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, “मेंबरशिप दोघांची आहे अप्पा. काकू एकदाही आल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांना आणल्याशिवाय मी तुम्हाला तपासणार नाही.”

म्हणून पुढच्या वेळी शिवगंगाबाई आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, “काकू, काय होतं?”

सवयीनं शिवगंगाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, आणि सवयीनं गुरुपादप्पा बोलू लागले, “तिला काय व्हतंय, थोडं गुडघं...”

“अप्पा, काकूंना बोलू द्या. काकू, झोप लागते?”

“आता लागती,” शिवगंगाबाई म्हणाल्या. “मधी आठ म्हैने न्हाई लागली.”

“का?”

त्या जरा वेळ पदराशी खेळल्या. “संक्रांतीच्या सुमाराला ह्ये एकदा रातच्याला उठून मागलं दार उघडून चालले हुते. दुकानात जायचंय म्हणले. मी हाताला धरून आणलं. सकाळी ह्येंना कायबी ठावं नव्हतं. आमचे मामंजी असंच निघून जायाचे, एकदा तर पार ष्ट्यांडवर सापडले. तवापासून मी माझा पदर ह्येंच्या धोतराला गाठ मारून निजायची. उठले की वढ बसायची. पर डोळाच लागंना, वाटायचं, गाठ सुटली तर.”

“सोमेशला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर त्यानं ह्येंना त्याच दिवशी दुकानातून उठवलं असतं. ह्ये दुकानाबिगर जगत न्हाईत.” मग अपराधी चेहऱ्यानं म्हणाल्या, “चुकलंच माझं. आदी बोलले असते तर लवकर बरे झाले असते.”

“आता गाठ मारता?”

“न्हाई. तुमी ती थरथरीची गोळी सोडवली, त्याच्या दुसऱ्या म्हैन्यात सोडली. पर हात जातो अजून.”

गुरुपादप्पा ऐकत होते. आपण बरे झालो याचं श्रेय त्यांनी मनोमन लिंगाला, डॉक्टरबाईंना, सोमेशलाही देऊन टाकलं होतं. उशाशी आठ महिने कुणी जागं होतं, ते त्यांना आज कळलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडं पाहून घड्याळाकडं नजर टाकली. “अप्पा, मग आधी तुमचं बीपी घेऊ?”

“नगो ताई,” गुरुपादप्पा म्हणाले. “माझं ऱ्हाऊ द्या आज. हिचं समदं ऐकून घ्या. घाई करू नगा, मी बसतो.”

आणि ते बसले. एक तास दहा मिनिटं, एकही शब्द न बोलता. मुरुडच्या बाजारात हे सांगितलं तर अजूनही कुणी खरं मानत नाही.