नमुन्याची बाटली

तारापूरच्या एका कारखान्यात नाल्याच्या पाण्याचा नमुना भरून तपासणीला द्यायचं काम अंकुशकडे होतं. त्याचे वरिष्ठ विपुलसाहेब म्हणजे पाप शिकवतानाही हातमोजे घालणारा माणूस. ते हळूच म्हणाले, "बाटली पिण्याच्या नळाखाली भर. पुढच्या महिन्यात तू पर्मनंट, शिवाय जवळच सरावली गावात कंपनीची खोली."

खोलीचं ऐकून अंकुशने मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. त्याने नळ सोडला, तोच मानेवर गार श्वास लागला.

"ओळ गाळलीस रे."

आवाज आईचा होता, आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिला वाचता येत नव्हतं. लहानपणी अंकुश तिला रोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचा आणि खेळायच्या घाईत ओळी गाळायचा. ऐकून ऐकून सगळं पाठ झालेली आई दर वेळी पकडायची.

"कोणची ओळ?" त्याने मागे न बघता विचारलं.

"खोटी साक्ष देऊ नको, ती."

त्याने बाटली रिकामी केली, नाल्यावर वाकून काळं पाणी भरलं आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर सही केली.

"उद्यापासून गेटवर दिसू नकोस!" साहेब ओरडले.

"नाय दिसनार," म्हणत अंकुश नमुना न्यायला आलेल्या तपासणीवाल्यांच्या गाडीकडे निघाला. त्याच्या बुटांमागे अनवाणी पावलं वाजत होती.