वाटणीतली भिंत

हर्षालीनं मंचरमध्ये मटेरियल लायब्ररी काढली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, सावळेरामांनी, पहिला प्रश्न विचारला, "पुस्तकं कुठं हायत?"

पुस्तकं नव्हती. हायवेच्या कडेच्या गाळ्यात एका लांबलचक भिंतीवर आकडे ठोकून तिनं तळहाताएवढे नमुने टांगले होते. लॅमिनेट, टाइल, लाकडाचे पापुद्रे, पडद्यांची कापडं. डावीकडं फिकट, उजवीकडं गडद. किंमत कुठंच लिहिलेली नव्हती, कारण किंमत दिसली की मंचरचा माणूस डोळे मिटून सगळ्यात महागाकडं बोट करतो, हे ती जाणून होती. माणसानं आपल्या डोळ्यांनी, आपल्या आवडीनं निवडावं, असा तिचा बाणा होता. पुण्यात इंटिरियरचा कोर्स करताना असले बाणे बरेच मिळतात, आणि ते घेऊन गावी परतलेली ती काही पहिली नव्हती.

लोक येऊन बघून जायचे. कांदा-बटाटा हाताळायची सवय, त्यामुळे नमुना हातात आला की आधी नखानं खरवडायचे आणि मग 'मंडळीला दाखवतो' म्हणून खिशात घालायचे. काम मात्र कुणी देईना. दिवाळीपर्यंत मोठं काम मिळालं नाही तर गाळा बॅटरीवाल्याला द्यायचा, असं सावळेरामांनी सांगूनच टाकलं होतं.

अशात दादाभाऊ आणि भगवंत हे सख्खे भाऊ आले, एकाच दिवशी आणि दोन गाड्यांतून. रानाची वाटणी झाली होती आणि दोघांचे बंगले एकाच बांधाच्या दोन अंगांना उभे राहिले होते. आतलं सगळं काम हर्षालीला द्यायला दोघंही राजी होते. अट दोघांची सारखीच होती. त्याच्या घरात जे असेल ते माझ्या घरात नको.

पण आधी पसंत कुणी करायचं? दादाभाऊ भिंतीपुढं उभे राहून विचारायचे, "त्यानं काय धरलं?" भगवंतही तेच विचारायचा. आपण हे धरलं आणि त्यानं त्याहून भारी धरलं तर? ही धास्ती दोघांनाही इतकी होती की दिवाळी जवळ येत चालली तरी एक टाइल ठरली नाही. शेवटी दादाभाऊंनीच तोड काढली.

"रानाचं केलं तसंच करू. थोरल्यानं वाटण्या पाडायच्या, धाकट्यानं आधी उचलायची. कुणाची तक्रार नाय."

"भाऊ, ही भिंत आहे," हर्षाली म्हणाली. "रान नाही."

"मंग काय झालं? मापता येती ना?"

तिच्या डोळ्यांपुढं बॅटऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. तिनं बाणा गिळला आणि स्वतःच्या हातानं खडू दिला.

दादाभाऊंनी भिंत मोजली, मधोमध उभी रेघ मारली. भगवंतानं डोकं खाजवून डावी बाजू उचलली. झालं, फिकट सगळं धाकट्याकडं गेलं आणि गडद सगळं थोरल्याकडं. आता दादाभाऊंच्या हॉलमध्ये भर दुपारी दिवा लावल्याशिवाय पाहुण्याचं तोंड दिसणार नव्हतं, पण वाटणी ती वाटणी. दादाभाऊ पुढच्या खेपेला येऊन गेल्यावर हर्षालीनं पाहिलं तर रेघ चार बोटं डावीकडं सरकली होती. ज्यांनी जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरला, त्यांना खडूची रेघ काय जड? भगवंत चिडला, लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन आला आणि रेघ कायमची करून गेला. हर्षाली बघत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण काम हातात होतं.

दुसऱ्याच आठवड्यात कुशाबाई आल्या. दोघांची मोठी बहीण, ओझरला दिलेली. त्यांना स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना रंग बघायचा होता. भिंत बघून त्या हरखल्या. कवळ्या वालाच्या शेंगेसारखा एक हिरवा तुकडा त्यांनी आकड्यावरून काढला.

"तो भगवंतभाऊंच्या वाटणीत गेलाय, मावशी," हर्षाली म्हणाली. कुशाबाईंनी तो जागेवर लावला आणि विटकरी उचलला.

"तो दादाभाऊंचा."

"मंग माझ्यासारखीनं कुठलं बघायचं?"

हर्षालीनं रेघेची सगळी हकिकत सांगितली. कुशाबाईंनी ती शांतपणे ऐकली आणि पदरानं हात पुसले.

"आन् मी सही कुठं करू?"

"कसली सही?"

"हक्क सोडल्याची. रानाच्या येळंला तहसिलात नेऊन घेतली व्हती. वर साडी दिली, हाटेलात जेवू घातलं. हितं नाय घेत का?"

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हर्षालीला मात्र जागच्या जागी भाजल्यासारखं झालं. मागच्याच वर्षी तिनंही अशीच सही केली होती. नारायणगावला माहेरी जाऊन, हसत हसत. वर भावांसोबतचा फोटो 'माझे आधारस्तंभ' म्हणून स्टेटसला ठेवला होता.

ती उठली आणि भिंतीवरचे नमुने काढायला लागली. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे. टेबलावर ढीग लावला आणि म्हणाली, "बसा मावशी. यातला कुठलाही घ्या."

"पोरी, काम जाईल तुझं."

"जाऊ दे."

गेलंच. दादाभाऊंनी उघडी भिंत पाहिली आणि भगवंताला फोन लावला. वाटणी मोडली या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघं भाऊ एका गाडीत बसले आणि पुण्याच्या दुकानाकडं निघून गेले. सावळेरामांनी बॅटरीवाल्याला बोलावलं. दिवाळीत लाल रेघेच्या दोन्ही अंगांना बॅटऱ्या लागल्या.

हर्षालीच्या हातात कुशाबाईंच्या ट्रॉल्यांचं एकच काम राहिलं होतं, ते तिनं जीव लावून केलं. भाऊबीजेला कुशाबाईंनी तिला आवर्जून जेवायला बोलावलं. तिचे स्वतःचे भाऊ संध्याकाळी यायचे होते. त्यांना काय विचारायचं ते ती वाटेभर मनात जुळवत होती.

ओझरला पोचली तेव्हा ओवाळणं उरकलं होतं. दोघे भाऊ हिरव्यागार ट्रॉल्यांसमोर पाटावर बसले होते. भगवंत खाली बघून जेवत होता. दादाभाऊंनी मात्र हात लांबवून ट्रॉलीचं दार नखानं खरवडून पाहिलं.

"आक्के, ह्यो रंग कुणाच्या वाटणीतला?"

"माझ्या," कुशाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.