जुवाच्या शिवळा

अंबडहून अजिंठ्याची लेणी पाह्यला आम्ही तीनदा गाडी जुपून निघाल्तो, अन् तिन्हीदा राजूरहूनच माघारी आल्तो. राजूरला माझी नणंद जयवंताबाई. पाव्हणे निघाले की वन्सं जुवाच्या शिवळा लपवायच्या. शिवळांच्या खुंट्यांबिगर बैल जुवात अडकणार कसे? मालक हसायचे, "बहिणीची माया हाय!" मंग पुरणपोळ्या खाता खाता सवड सरायची. माया म्हणं! मला लेणी पाह्यची होती.

औंदा मी सुताराकडून बाभळीच्या नव्या शिवळा करून घेतल्या, अन् लुगड्याच्या गाठोड्यात दडवल्या.

राजूरहून निघायच्या दिवशी वन्सं दारात उभ्या. "जा की आता!"

मी गाठोडं सोडलं. मालकांच्या हाती शिवळा दिल्या. बैल जुपले गेले.

वन्संचं तोंड उतरलं. "असं काय हाय वं तिथं, वयनी?"

"इतक्या जवळ राहून पाह्यलं न्हाई?"

"मला कोण नेतं?"

मी गाडीतला कडबा सारखा केला. "जल्दी चढा."

त्या घरात पळाल्या, अन् कणगीतून जुन्या शिवळा काढून आल्या.

"ह्या बी राहू द्या. वाटंत भोकरदनला माझी लेक हाय, अन् ती बिलकुल माझ्यावरच गेलीया."