आडवी टाकी

चौकशी अधिकाऱ्यांनी तुटलेला बोल्ट टेबलावर ठेवला आणि नकाशा दीपिकासमोर सरकवला.

"ही सही तुमचीच?"

"हो."

"लगचं डिझाइनही?"

"माझंच."

लग म्हणजे टाकीच्या माथ्यावर बोल्टांनी आवळायचं पोलादी कडं. त्यात क्रेनचा हूक अडकवायचा. मालवणजवळच्या एका शीतगृहात चार टनांची दाबाची टाकी उभी करताना हेच बोल्ट तुटले आणि क्रेनवाल्याला इशारे देणारा फोंडाघाटचा हरिश्चंद्र तिच्याखाली सापडला. जागीच गेला.

"नकाशावर स्पष्ट लिहिलंय, फक्त सरळ उभं उचलावं," अधिकारी म्हणाले. "म्हणजे मयतानं सूचना पाळली नाही?"

शेजारी बसलेला कंपनीचा मॅनेजर समर्थ हलकेच खाकरला. ओरोसच्या या कचेरीत येताना त्यानं गाडीत दोनदा बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं.

"नाही पाळली," दीपिका म्हणाली.

जबाबावर तिनं सही केली. समर्थ गाडी आणायला खाली गेला.

व्हरांड्यातल्या बाकावर हरिश्चंद्रची बायको नर्मदा बसली होती. मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. दीपिका मान खाली घालून पुढे निघाली.

"बाय, तू तोंडवलीची मा? माका एक सांग. लोक म्हणतत, तेंनी आपल्या हातान मराण ओढून घेतल्यानी. चुकला काय गो तेंचा?"

दीपिकाला तो दुपारचा फोन आठवला. हरिश्चंद्र मालवणी सोडून जपून बोलत होता. 'मॅडम, टाकी ट्रकवर आडवी पडली आहे. आडवी टाकी सरळ कशी उचलायची?' तिच्यासमोर दुसरं काम उघडं होतं. नकाशात आहे तसं करा, एवढं सांगून तिनं फोन ठेवला होता. अपघाताची बातमी आल्यावर तिनं आकडेमोड पुन्हा काढली. टाकी उभी लटकली तर बोल्ट किती भार सोसतील, हे तिनं चोख तपासलं होतं. आडवी टाकी माथ्याकडून उचलायला लागताच बोल्टांवर आडवी ओढ बसते. ती तिनं हिशेबात धरलीच नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "तेंचा काय चुकला नाय. तेंनी माका इचारल्यानी होता. चूक माझी."

नर्मदानं साहेबांच्या खोलीकडे बोट केलं.

"ह्यां आत सांगलंस?"

दीपिकानं मान हलवली. नाही.

"मगे माका कित्याक सांगतंस?"

खाली समर्थनं हॉर्न दिला. दीपिका जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. शिपाई साहेबांच्या खोलीला कडी घालत होता.

"माझा जबाब बदलायचाय," ती म्हणाली.

"साहेब जेवायला गेले. आता तीनला येतील."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. फोन वाजू लागला, तसा तिनं बंद करून पर्समध्ये टाकला.

"तुमची फोंडाघाटची गाडी कितीक आसा?"

"दीडाक," नर्मदा म्हणाली.

दीड वाजला. खाली आवारातली माणसं डबे उघडून बसली. नर्मदानं पिशवीतले कागद सारखे केले, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि ती तिथंच बसून राहिली.