विहिरीत कोण राहतं?

परदेशातून लोक घड्याळं आणतात, रेडिओ आणतात. आमचे दिवटे चिरंजीव रेवणसिद्ध अमेरिकेत शिकून सोलापूरला परतले ते भुतांचा खेळ घेऊन.

खेळ असा. एकानं कागदावर गाव-शिवार काढायचं आणि कुठं कोण दबा धरून बसलंय ते ठरवायचं. बाकीच्यांनी त्यात हिंडायचं, ‘मी इकडं जाते, मी हे करते’ असं नुसतं तोंडानं सांगत. एखाद्या जागी पोचलं की कवड्या टाकायच्या. सगळ्या उताण्या पडल्या तर तिथं राहणारा समोर येतो आणि विचाराल त्याचं खरं उत्तर देतो. बोलायचं अर्थात खेळ मांडणाऱ्यानंच.

तिकडची भुतं इथं कुणाच्या ओळखीची नव्हती, म्हणून तो माझ्याकडं पत्ते विचारायला आला. मी ज्वारी निवडत होते.

“अव्वा, मुंजा कुटं राहतो?”

“पिंपळावर. दुसरीकडं त्याला कोण जागा देतंय?”

हडळ चिंचेवर, चकवा माळावर, वेताळ शिवेवर. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि भुतांना काही घर बदलता येत नाही. रेवण्या भराभर चित्रं काढत गेला. अक्कलकोट रोडच्या आमच्या मळ्यातली विहीर तेवढी त्यानं कोरी ठेवली. पाण्यात आसरा, म्हणजे जलदेवता, असतात हे मलाही ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. माझा थोरला सोमलिंग आदल्या वैशाखात त्याच विहिरीत गेला होता.

त्या सकाळी मळ्यात त्याचं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं. पाय घसरला की त्यानं जीव दिला, कुणालाच माहीत नाही. सून नागव्वा तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. भाकरी थापायची, सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः दोन घास चिवडून उठायची. मला तिची काळजी वाटायची आणि, खोटं कशाला बोलू, रागही यायचा.

रविवारी भर दुपारी खेळ मांडला. बोळात चिटपाखरू नव्हतं, शेजारच्या विणकरांचे मागसुद्धा बंद होते. रेवण्याला वाटलं होतं, वहिनी जरा हसेल. तिनं कवड्या मुठीत घेतल्या आणि म्हणाली, “मी इहिरीवर जाते.”

“वहिनी, तितं कोणी न्हाय. पिंपळाकडं चला की.”

“इहिरीवर जाते. पायऱ्या उतरते.”

मी ओरडलेच. “नागव्वा, आपल्यात माणूस गेला की शिवाला मिळतो! आपल्यात भूत होत न्हाय!”

“मग रिकामी असंल तर कवड्याच सांगतील की, अव्वा. मला येवढंच इचारायचंय, माज्यावर रागावून जीव दिला का त्यांनी.”

तिनं मूठ उघडली. सगळ्या कवड्या उताण्या पडल्या.

दारातून उन्हाच्या झळा येत होत्या, तरी माझ्या अंगावर काटा आला. रेवण्यानं मान खाली घातली. “पाय घसरला,” तो म्हणाला आणि थांबला. पुढचं आलं ते सावकाश, एकेक शब्द ओढत, सोमलिंग बोलायचा तसं.

“पाय घसरला, नागे. तुजी कळशी काढाय उतरलो हुतो.”

नागव्वा ताडकन उभी राहिली. “कळशी?” ती माझ्याकडं वळली. “ती मी फेकली हुती इहिरीत. रागानं. फेकली न् तडक घरला आले. मळ्यात आमी दोघंच हुतो, अव्वा. मी कुणाकडं बोलले न्हाय.”

मग ती मटकन खाली बसली आणि वर्षभराचं रडली. “ते रागावले न्हवते,” म्हणाली. आणि लगेच, “पर माज्यामुळंच की वो!” मी तिला पोटाशी धरलं. माझ्याही डोळ्यांचं पाणी खळेना.

रेवण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “अव्वा, वहिनीला बरं वाटावं म्हणून ‘पाय घसरला’ येवढंच म्हणणार होतो मी. कळशीचं मला कुठलं ठाऊक?” तो घाईघाईनं कागद गुंडाळायला लागला.

मी त्याचं मनगट धरलं. शिवाला मिळालेला माणूस विहिरीत राहत नाही, हे मी जन्मभर ऐकलं आहे आणि मानलंही आहे. पण लेकाचा आवाज ऐकून मला वर्ष झालं होतं.

“ऱ्हाऊ दे मांडलेला,” मी म्हणाले. “कवड्या हिकडं दे. आता मी जाते इहिरीवर.”